कागद कुणाच्या ताब्यात?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं सुपे हे बाजाराचं गाव. त्या दिवशी तिथे जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. लूट झाली, जाळपोळही झाली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं, तेव्हा या दंग्यांचं एक वैशिष्ट्य सरकारी अधिकाऱ्यांच्याही नजरेत भरलं. जमावाला हवे होते कागद. कर्जखतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. सावकारानं ते निमूटपणे काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथेच मिटत होतं. नाही म्हटलं, तर मारहाण आणि आग. ९५१ जणांना अटक झाली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

इतिहासाच्या पुस्तकांत ‘दख्खनचे दंगे’ म्हणून या घटनेला चार ओळी मिळतात. कापसाचा भाव, सारावाढ, दुष्काळ अशी कारणं त्यात येतात आणि ती खरीही आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापूस १८६५ नंतर कोसळला, सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुनी येणी वसूल करायला सुरुवात केली. पण शेतकऱ्याचा राग नेमका कागदावर का निघाला, हे पाहायला हवं. आजही बँकेशी, विमा कंपनीशी किंवा परस्पर पैसे कापून घेणाऱ्या सेवेशी ग्राहकाचं भांडण होतं, तेव्हा मुळाशी बहुधा हाच प्रश्न असतो: कागद कुणी लिहिला, तो कुणाच्या ताब्यात आहे आणि सही करणाऱ्याला तो कळला होता का?

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जाच्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणं बंधनकारक केलं होतं. वर्षानुवर्षं व्याज साचू नये, असा त्यामागचा हेतू होता. घडलं उलट. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेऊ लागला आणि तोवरचं थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागलं. शंभराचं कर्ज तीनचार खतांनंतर किती झालं, याचा हिशेब फक्त सावकाराच्या वहीत असे. कुळानं धान्य घातलं, रोकड दिली, तरी पावती मिळेलच असं नव्हतं. कोर्टात मात्र शेवटचं खत आणि त्यावरचा अंगठा एवढंच पाहिलं जाई. आधी काय देणंघेणं झालं, याची चौकशी सहसा होत नसे. कूळ हजरच नसल्यामुळे एकतर्फी हुकूमनामे निघत आणि त्यामागून जप्ती येई.

दंग्यांनंतर सरकारनं आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. हा कायदा आज फारसा कुणी वाचत नाही, पण तो कलमवार वाचण्यासारखा आहे.

शेतकऱ्याविरुद्ध दावा आला, की कोर्टानं शेवटच्या खतावर थांबायचं नाही, व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जायचं, असं त्यात सांगितलं होतं. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडायचे. व्याजावर व्याज धरायचं नाही. शेतकऱ्यानं रक्कम दिली, की त्याला लेखी पावती मागण्याचा हक्क. वर्षाला हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क. एवढंच नाही, तर त्याच्या नावाचं पासबुक ठेवून त्यात वेळोवेळी नोंदी करून घेण्याचा हक्क. आणि हे नाकारणाऱ्या सावकाराला दंड.

गावनिबंधकाचं कलम तर त्याहून पुढचं होतं. शेतकऱ्यानं करून दिलेलं खत गावनिबंधकानं स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली लिहायचं, मोठ्यानं वाचून दाखवायचं, गरज पडली तर समजावून सांगायचं, आणि मगच त्याच्यासमोर सही-अंगठा घ्यायचा. दावा लावण्याआधी सलोखा घडवणाऱ्या पंचाकडे जाणं आवश्यक होतं, आणि त्या पायरीवर वकिलांना मज्जाव होता. लहान रकमेच्या दाव्यांतही तसाच मज्जाव होता. स्वस्त, जवळचा आणि वकिलाविना मिळणारा न्याय ही कल्पना आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आली, असा समज आहे. ती या चार जिल्ह्यांत शतकभर आधी अमलात आणून पाहिलेली होती.

या कायद्याच्या अंमलबजावणीशी महादेव गोविंद रानडे यांचा जवळचा संबंध होता. १८८१ पासून ते या कायद्याखालच्या विशेष न्यायाधीशांचे साहाय्यक होते आणि पुढे स्वतः विशेष न्यायाधीश झाले. खेड्यापाड्यांतली कामकाजं तपासत फिरायचं, हे त्यांचं काम. त्याआधीच पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या पुढाकारानं, लवाद कोर्ट चालवून पाहिलं होतं. कोर्टाची पायरी न चढता आपसांत तंटा मिटवण्याचा तो प्रयत्न होता.

कायद्याला पळवाटाही फुटल्या. कोर्ट गहाणखताच्या मागे जाऊन चौकशी करतं म्हटल्यावर सावकार गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. ‘कर्ज फिटलं की जमीन परत’ हा शब्द तोंडी राहिला आणि कागदावर जमीन विकली गेली. तरीही पावती, उतारा, पासबुक आणि वाचून दाखवलेला कागद या चार गोष्टी ऋणकोचा हक्क म्हणून कायद्याच्या पुस्तकात आल्या, ही त्या दंग्यांची खरी कमाई मानली पाहिजे.

मुंबई इलाख्यात आणखी एक जुना आधार होता, दामदुपटीचा. हिंदू धर्मशास्त्रातला हा नियम इंग्रजी न्यायालयांनीही मानला: एका वेळी मागायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. हजाराच्या कर्जावर व्याज म्हणून फार तर हजारच मागता येतील, मग वर्षं कितीही उलटोत. दाराशी आलेल्या वसुलीला कुठेतरी कुंपण आहे, एवढा दिलासा त्यात होता.

विसाव्या शतकात समोरचा पक्ष बदलला. सावकाराच्या जागी संस्था आली. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. त्या वेळी भविष्यनिर्वाह सोसायट्या धरून २४५ विमा संस्था सरकारनं ताब्यात घेतल्या आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. रायगड जिल्ह्यात जन्मलेले देशमुख त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडले, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं, पण विम्याशी जोडलेलं त्यांचं नाव सहज आठवत नाही. १९६९ साली १४ मोठ्या बँका सरकारी झाल्या. पैसा सुरक्षित झाला, शाखा गावात आल्या. तक्रार मात्र शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर पडून राहू लागली, कारण तिच्यापुढे दिवाणी कोर्टाखेरीज वाट नव्हती.

आणि एका बाबतीत तर घड्याळाचे काटे मागे फिरले. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घालण्यात आलं. व्याजाचा दर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँक आणि तिचा कर्जदार यांच्यातला व्यवहार कोणत्याही न्यायालयाला पुन्हा उघडता येणार नाही, असं ते सांगतं. १८७९ च्या कायद्यानं न्यायाधीशाला हिशेबाच्या मुळापर्यंत जायला सांगितलं होतं. नव्या कलमानं, धनको बँक असेल तर, ते दार लावून घेतलं. बँका नियमांखाली चालतात, सावकार चालत नव्हता, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण त्यातून कर्जदाराच्या हातातलं एक जुनं हत्यार गेलं, आणि त्याची त्या वेळी जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

याच काळात दुसऱ्या टोकाकडून एक चळवळ वाढत होती. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. जोशी दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातले. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची सुरुवात किराण्यापासून झाली, हे महत्त्वाचं. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याचं सामान एकत्र मागवायचं, वाटप स्वतः करायचं. डाळ-तांदूळ निवडता निवडता माणसं वजनमाप, पावती आणि भाव यांवर बोलायला शिकली. ग्राहकासाठी वेगळा कायदा हवा, हा आग्रह अशा घराघरांतल्या बैठकांतून पक्का झाला.

तो कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजी झाला. सेवेच्या व्याख्येत बँकिंग आणि विमा हे शब्द स्पष्ट लिहिलेले होते. तेव्हा एक लाखापर्यंतचा दावा जिल्हा मंचाकडे, दहा लाखांपर्यंतचा राज्य आयोगाकडे, त्यापुढचा राष्ट्रीय आयोगाकडे. सुरुवातीला फी नव्हती, साध्या कागदावर तक्रार लिहून देता येई आणि वकील करण्याची सक्ती नव्हती. वकील नसलेल्या प्रतिनिधीला ग्राहकाची बाजू मांडता येते का, यावर मुंबईतून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली तो प्रतिनिधींच्या, म्हणजे ग्राहक कार्यकर्त्यांच्या, बाजूनं सुटला.

विम्याच्या तक्रारी पाहिल्या, की कागदाचा प्रश्न पुन्हा उघडा पडतो. फेटाळलेल्या मृत्युदाव्यांची एक ठरावीक कहाणी असते. एजंट घरी येतो, प्रस्तावाचा फॉर्म इंग्रजीत असतो. ‘पूर्वी काही आजार?’ या रकान्यात तोच ‘नाही’ लिहितो आणि खूण केलेल्या जागी सही घेतो. फॉर्मची प्रत घरात राहत नाही. दोन वर्षांनी माणूस जातो, बायको दावा लावते, कंपनी दवाखान्याचा जुना केसपेपर शोधून काढते आणि ‘महत्त्वाची माहिती दडवली’ म्हणून पत्र येतं. ज्या रकान्यामुळे पैसे अडले, तो त्या घरानं पहिल्यांदा पाहिलेला असतो तो या पत्रासोबतच.

या बाबतीत विमा कायदा १९३८ चं ४५ वं कलम मोलाचं ठरलं. पॉलिसीला दोन वर्षं झाल्यावर निव्वळ चुकीच्या माहितीवरून ती मोडता येत नाही, असं ते म्हणत होतं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ स्पष्ट केला: दडवलेली बाब महत्त्वाची असली पाहिजे, ती फसवण्याच्या हेतूनं दडवलेली असली पाहिजे, आणि विमेदाराला तेव्हाच ती ठाऊक असली पाहिजे. अलीकडच्या दुरुस्तीनं ही मुदत तीन वर्षं झाली, पण त्यानंतर कोणत्याही कारणावरून पॉलिसीवर शंका घेता येत नाही. २००२ च्या विमा नियमांनी प्रस्तावाची प्रत ३० दिवसांत विनामूल्य देणं कंपनीवर बंधनकारक केलं. पॉलिसी वाचून ती नको वाटली तर परत करायला १५ दिवस दिले, ते आता ३० झाले आहेत.

बँकांसाठी १९९५ साली लोकपाल आला, विम्यासाठी १९९८ च्या नियमांनी. दोन्हीकडे आधी संस्थेकडे लेखी तक्रार करावी लागते. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं. म्हणून पहिल्या तक्रारीची पोच हाच सगळ्यात किमती कागद ठरतो. अनेकांची तक्रार नेमकी इथेच अडते. शाखेत तोंडी सांगितलेलं असतं, फोनवर वाद झालेला असतो, हातात काहीच नसतं.

रिझर्व्ह बँकेचे काही नियम ग्राहकाच्या कल्पनेपेक्षा चांगले आहेत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा झाली पाहिजे. नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये बँकेनं ग्राहकानं न मागता द्यायचे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्यानंच खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर २०१७ च्या परिपत्रकानुसार त्याच्यावर काहीही बोजा पडत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. दर तीन वर्षांनी नव्यानं लिहून घेतल्या जाणाऱ्या खताचा इतिहास ज्या प्रदेशाला आहे, तिथे या २४ तासांचं मोल वेगळं सांगायला नको. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवण्याला अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं.

क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र लढाई हरली. थकबाकीवर वर्षाला ३६ ते ४९ टक्के आकारणी होत असल्याची तक्रार राष्ट्रीय आयोगापुढे गेली होती. जुलै २००८ मध्ये आयोगानं ३० टक्क्यांच्या वरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल दिला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, तो निकाल रद्द झाला. व्याजदरावर मर्यादा घालणं आयोगाच्या अधिकारात नाही, ते रिझर्व्ह बँकेचं क्षेत्र आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं आणखी एक कागद सक्तीचा केला. कर्जाची मुख्य माहिती एका तक्त्यात द्यायची, सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहायचा, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहायचा, मजकूर त्याला समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची. त्या तक्त्यात नसलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. गावनिबंधकानं खत मोठ्यानं वाचून दाखवण्याच्या कलमाशी याचं नातं उघड आहे. महाराष्ट्रातल्या शाखांत हा तक्ता मराठीत मिळावा, यासाठी ग्राहक संघटनांनी आग्रह धरायला हवा, कारण कर्जदार मागणार नाही तोवर छापील इंग्रजी प्रतीवर सही घेण्याची सवय सहज सुटणारी नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र या नियमातून वगळलेली आहे.