मोकळ्या जागेची वही

फौजेत मी स्टोअर्सची तपासणी अनेकदा केली. तिथला नियम साधा होता: लेजरमधला आकडा आणि फळीवरचा माल, दोन्ही जुळल्याशिवाय सही करायची नाही. आज त्याच नजरेने लिनक्समधल्या एका फाइल सिस्टिमकडे पाहू.

डिस्कवर कुठे काय लिहिले आहे याची नोंद फाइल सिस्टिम ठेवते, तशी कुठली जागा मोकळी आहे याचीही ठेवते. या दुसऱ्या नोंदीत मोकळी जागा भरलेली दाखवली, तर जागा वाया जाते, इतकेच. पण भरलेली जागा मोकळी दाखवली, तर नवी फाइल जुन्या फाइलच्या उरावर लिहिली जाते. मग ते नुकसान भरून येत नाही.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये मोकळ्या ब्लॉकांची साखळी असे. 1980च्या दशकात बर्कलीच्या युनिक्सने बिटमॅप आणला. 1990च्या दशकात एक्सएफएसने मोकळे पट्टे झाडासारख्या रचनेत मांडले. 2007 साली ओरॅकलमध्ये बीटीआरएफएसचे काम सुरू झाले. तिच्यात डिस्कचे गट पाडतात आणि पूर्वी प्रत्येक गटाची मोकळी जागा एका लपलेल्या फाइलमध्ये नोंदवत. गटात बदल झाला की ती फाइल नव्याने लिहायची. अनेक टेराबाइटच्या डिस्कवर या लिखापढीतच काम खोळंबू लागले.

यावर फेसबुकमधल्या ओमार सँडोव्हाल यांनी ‘फ्री स्पेस ट्री’ लिहिले. मार्च 2016 मध्ये ते कर्नल 4.5 बरोबर आले. यात बदललेली नोंद तेवढी बदलते. सोबत चाचण्याही होत्या: पट्ट्याच्या सुरुवातीची, मधली, शेवटची जागा काढून पाहायची, शेजारचे मोकळे पट्टे डावीकडून, उजवीकडून, दोन्हीकडून नीट जोडले जातात का, तेही पाहायचे.

तरीही त्याच वर्षी दोन दोष सापडले. ज्या यंत्रांत बाइटचा क्रम उलटा असतो, तिथे बिटमॅप उलटा लिहिला जात होता. आपल्या नेहमीच्या इंटेलच्या संगणकांवर हे दिसणारच नव्हते. दुसरा दोष हत्यारांचा. बीटीआरएफएसची 4.7.3च्या आधीची दुरुस्तीची साधने डिस्कवर बदल करत, पण या नव्या वहीत नोंद करत नसत. माल हलवला, लेजर तसेच!

उपाय मला फार आवडला. ‘ही वही खात्रीची आहे’ असे सांगणारी एक खूण ठेवली. खूण नसेल, तर कर्नल जुनी वही टाकून देतो आणि वापरात असलेल्या जागेच्या मूळ नोंदीवरून नवी बनवतो. 2021 मध्ये साधनांच्या 5.15 आवृत्तीपासून नवी डिस्क तयार करताना हीच पद्धत आपोआप लागू झाली.

मीही एका जुन्या डिस्कवर प्रयोग केला. आधी फाइली भरल्या, मग मधल्या-मधल्या पुसल्या, डिस्क अनमाउंट केली आणि ‘बीटीआरएफएस चेक’ चालवले. ते मोकळ्या जागेची वही मूळ नोंदीशी ताडून पाहते. हिशेब जुळला.

पण माझा संगणक एक, डिस्क एक. तेवढ्यावर सगळ्यांसाठी सही करता येत नाही. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या हत्याराने, वेगळ्या माणसाने मोजले, तरच ती तपासणी. जय हिंद.