वाशिमचा आठवा बिट

आमच्या वाशिमकडे संगणक आला तो माउस घेऊन आला नाही, हे आजच्या पोरांना पटत नाही. त्यांच्या लेखी संगणकाचा इतिहास सायबर कॅफे, एमएस-सीआयटीचा वर्ग आणि सेतू केंद्रासमोरची रांग इथून सुरू होतो. त्याआधीची काही वर्षं पतसंस्थांत, आडतीत, जिनिंगच्या ऑफिसात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती, आणि डाव्या कोपऱ्यात एकच शब्द लुकलुकत असायचा : लॉगिन. ते युनिक्स होतं. नाव मात्र कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे ‘मशीन’.

मी मूळचा कारंजाचा. १९९६ साली अकोल्यातल्या एका विक्रेत्याकडे सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागलो. इंजिनिअर हा हुद्दा, शिक्षण डिप्लोमाचं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. इंग्रजांच्या काळात ‘बासिम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ ला, त्र्याण्णव वर्षांनी, परत मिळाला. तोवर कलेक्टर अकोल्याला, निकनेट या सरकारी संगणक-जाळ्याची उपग्रहाची तबकडी अकोल्याला आणि संगणकाचा डॉक्टरही अकोल्याला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या सगळ्या गावांचं मशीन बिघडलं की मी पातूरचा घाट चढायचो. आमचं पहिलं रिमोट लॉगिन म्हणजे लाल एसटी.

संस्थांनी युनिक्स का घेतलं, याचं उत्तर हिशेबात आहे. एक चांगलं मशीन घ्यायचं, त्यात मल्टिपोर्ट कार्ड बसवायचं आणि त्यातून आठ-सोळा तारा काढून प्रत्येक टेबलावर एकेक टर्मिनल ठेवायचं. टर्मिनल म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. स्वतःचं डोकं नाही, हार्ड डिस्क नाही, फ्लॉपीही नाही. सोळा पीसी घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. फ्लॉपी नाही म्हणून व्हायरस नाही, आणि कारकुनाला पत्ते खेळता येत नाहीत, याचं संचालक मंडळाला विशेष समाधान.

बिघाडही ठरलेले. पडद्यावर चिनी-जपानी वाटावी अशी अक्षरं आली की दोन्ही टोकांचा वेग जुळत नाही. एकीकडे ९६००, दुसरीकडे कुणीतरी बटणं दाबून १९२०० केलेलं. काहीच येत नसेल तर तार. पंचवीस पिनांच्या जोडात दोन नंबरची पिन बोलणारी, तीन नंबरची ऐकणारी. दोन्ही टोकांना बोलणाऱ्यासमोर बोलणारी आली तर ऐकणार कोण? म्हणून तारा तिरक्या जोडायच्या. आडतीत मात्र आधी गोदामाच्या बाजूने तार तपासायची. सोयाबीनच्या पोत्यांमागे उंदराने ती कुरतडलेली असायची.

डिलीटची कळ ही स्वतंत्र कहाणी. आमच्या युनिक्समध्ये त्या कळीचा अर्थ अक्षर पुसणे असा नव्हताच. तिचा अर्थ होता : चालू काम तोडून टाक. रोजकीर्द लिहिताना एक अक्षर चुकलं, कारकून ताईंनी डिलीट दाबलं आणि अख्खा प्रोग्राम गायब. पुढे घरोघर विंडोज आलं तेव्हा उलटा त्रास सुरू झाला. पोरांच्या पीसीवर शिकलेले लोक सवयीने कंट्रोल-एस दाबायचे, माहिती जपून ठेवायला. युनिक्सच्या टर्मिनलला कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’. पडदा जागच्या जागी गोठायचा. मग अकोल्याला फोन.

“साहेब, मशीन मुकी झाली जी. कायच बोलून नाही राह्यली.”

“कंट्रोल दाबून धरा आणि क्यू दाबा.”

“... झाली ना जी चालू! काय केलं तुमी तिथून?”

मी काहीच केलेलं नसायचं. त्या एका फोनने मात्र पातूरचा घाट वाचायचा.

पुढे मोडेम आले. अकोल्याहून रात्री उशिरा, एसटीडीचा दर पाव झाला की वाशिमच्या मशीनला फोन लावायचा. दोन मोडेम एकमेकांशी किंचाळायचे आणि मग माझ्या पडद्यावर तो ओळखीचा शब्द उमटायचा. मधेच संस्थेच्या चौकीदाराने दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला की पडद्यावर कचरा आणि फोन कट. तरीही ऐंशी किलोमीटरवरच्या मशीनमध्ये घरबसल्या शिरता येतं, ही गोष्ट मला आजही जादूची वाटते. देशात लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केलं, आणि तेव्हाचं स्वस्तातलं ‘शेल’ खातंही असंच होतं : मोडेमने युनिक्सच्या मशीनला फोन करायचा आणि काळ्या पडद्यावर पत्रं वाचायची. आमच्याकडून तो फोन मुंबईचा पडायचा. परवडणार कुणाला?

सांगायची खरी गोष्ट मराठीची आहे.

सभासदांची नावं मराठीतच हवीत, असा संस्थांचा आग्रह असे. तो पुरवणारं तंत्र होतं जिस्ट. मूळ काम आयआयटी कानपूरचं. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅक १९८८ चं. त्याचे पहिले प्रमुख विजय भटकर आमच्या कारंजाशेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. परम महासंगणकामुळे ते नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या धंद्याला मात्र परमपेक्षा जिस्ट जवळचं. पीसीत बसणारं जिस्ट कार्ड होतं, तसं युनिक्सला जोडायचं जिस्ट टर्मिनलही होतं. त्याच्यावर इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी उमटायची, जोडाक्षरांसकट.

हे जमायचं कसं, ते थोडं जवळून पाहिलं पाहिजे. अमेरिकेत १९६३ साली ठरलेला अॅस्की संकेत सात बिटांचा. सात बिटांत १२८ जागा. इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं सगळं त्यात मावतं. आठवा बिट उरायचा. तारेवरून जाताना अक्षर बिघडलं का, हे पाहण्याची राखण त्याच्याकडे दिलेली असे. भारतीय लिप्यांसाठी जो इस्की संकेत झाला, भारतीय मानक म्हणून १९९१ साली पक्का झाला, त्याने खालच्या १२८ जागा इंग्रजीला तशाच ठेवल्या आणि आपली अक्षरं वरच्या १२८ मध्ये बसवली. म्हणजे आठवा बिट शून्य असेल तर इंग्रजी, एक असेल तर मराठी. आपली सगळी बाराखडी राखणदाराच्या खोलीत राहत होती.

१९९९ उजाडलं. वायटूकेचं भूत. दोन हजार साल लागलं की जुनी मशीनं १९०० मध्ये जातील, या धास्तीने एका तालुक्याच्या संस्थेने नवं मशीन घेतलं. पण मल्टिपोर्ट कार्ड, टर्मिनलं, भिंतीतून गेलेल्या तारा सगळं जुन्या मशीनला. ते उपटायला वेळ नाही, पैसा नाही. म्हणून तोड काढली : दोन मशीनं एका तारेने जोडायची; कारकुनांनी जुन्यात लॉगिन करायचं आणि तिथून ‘आरलॉगिन’ या आज्ञेने नव्यात शिरायचं. ही आज्ञा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या १९८३ च्या युनिक्समधून आलेली. मीच बसवलं, मीच तपासलं. इंग्रजीत ‘टेस्ट’ लिहून पाहिलं, चाललं, चहा घेतला, बस पकडली.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरांचा फोन. “साहेब, वाशिमचं काय झालं पाहा ना जी!”

जाऊन पाहिलं. जुन्या सभासदांची नावं पडद्यावर स्वच्छ मराठीत. नवी नोंद करायला गेलं की कचरा. ताईंनी गावाच्या रकान्यात ‘वाशिम’ लिहिलं, पडद्यावर उमटलं : टी, झेड, यू, एक चौकोनी कंस आणि एल. काही नावं तर आकड्यांनी सुरू झालेली. गणेशचा ग म्हणजे ५. खंडूचा ख म्हणजे ४. क असेल तिथे ३.

दोन दिवस मी तारा तपासल्या. टर्मिनल बदललं. ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने टर्मिनलची रचना पाहिली. जुन्या मशीनवर आठ बिट नीट होते. जिस्टवाल्यांना मनात शिव्याही घातल्या, त्याबद्दल आता माफी. रात्री लॉजवर कागदावर आकडे मांडत बसलो. इस्कीत क चा क्रमांक १७९. अॅस्कीत ३ या आकड्याचा ५१. फरक १२८. ख १८०, ४ चा ५२. फरक १२८. व, आ चा काना, श, पहिली वेलांटी, म. प्रत्येकातून बरोबर १२८ गेलेले. कचरा नव्हताच तो. प्रत्येक अक्षराचा आठवा बिट कुणीतरी वाटेत काढून घेत होतं, आणि ते फक्त टाइप केलेल्या अक्षरांचं. परत येणाऱ्यांचं नाही. म्हणून जुनी नावं शाबूत होती.

सकाळी आरलॉगिनचं मॅन्युअल उघडलं. तिथे एका ओळीत लिहिलं होतं की ‘उणे आठ’ हा पर्याय दिला तर टाइप केलेली अक्षरं आठ बिटांनी घेतली जातात. नाहीतर आठवा बिट राखणीचा समजून उतरवला जातो. ज्याने ती आज्ञा लिहिली त्याला आठव्या बिटाची गरज पडली नव्हती. वाशिमच्या ताईंना पडली. प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये मी ते उणे आठ घालून दिलं, ताईंनी पुन्हा वाशिम लिहिलं आणि ते वाशिमच उमटलं.

चूक माझी होती. मराठी चालणाऱ्या मशीनची परीक्षा मी इंग्रजीत घेतली होती.

दोन-तीन दिवसांत घातलेली सव्वादोनशेच्या आसपास नावं तशीच बिघडून पडली होती. मॅनेजर म्हणाले, पुन्हा टाइप करू. मी म्हटलं, थांबा. यादी साध्या मजकुराच्या फायलीत होती. ‘कट’ या आज्ञेने नाव आणि गावाचे रकाने वेगळे काढले, कारण खाते क्रमांक आणि रकमा खरोखरच आकडे होते, त्यांना हात लागून चालणार नव्हता. मग ‘टीआर’ ही आज्ञा. तिला एवढंच सांगायचं की ३३ ते १२२ मधलं जे दिसेल त्याच्या जागी १६१ ते २५० मधलं त्याच्या जोडीचं ठेव. शेवटी ‘पेस्ट’ने रकाने परत जोडले. अर्धं मिनिटही लागलं नाही. पडद्यावर गणेश, खंडू, कारंजा, शेलू, वाशिम ओळीने उभे राहिले. युनिक्सची ही छोटी छोटी हत्यारं माझ्या मते सुताराच्या पटाशीसारखी आहेत : एक काम करतात, पण धार कायम. त्या दिवशी मॅनेजरांनी रसाळीचं जेवण दिलं.

पुढचं लवकर सांगतो. २००३ च्या सुमाराला त्याच संस्थेत साध्या डेस्कटॉपवर लिनक्स बसवलं आणि दुसऱ्या मशीनमध्ये शिरायच्या टेलनेट, आरलॉगिन या जुन्या वाटा बंद करून एसएसएच सुरू केलं. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघडा जातो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेले म्हणून ताटू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. कुलूप पक्कं झालं, पण मराठीला नवं दुखणं लागलं. त्या लिनक्सचा पडदा युनिकोड समजायचा, इस्की नाही. वाशिमच्या जागी आता चौकटीतली प्रश्नचिन्हं. इस्कीत वाशिमला पाच बाइट लागतात, युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये पंधरा. नशीब एवढंच की युनिकोडने देवनागरीचा तक्ता इस्कीवरूनच घेतला, त्यामुळे क्रम बहुतांशी तोच. पर्ल या भाषेत एक तक्ता लिहून सगळ्या फायली उलथून घेतल्या.

तो डेस्कटॉप अजून जिवंत आहे. जुन्या वादात एखादी नोंद लागली की मला बोलावणं येतं. दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या नव्या लॅपटॉपने त्याच्याशी बोलायलाच नकार दिला : किल्ल्यांची देवाणघेवाण कशी करायची यावर एकमत नाही. ओपनएसएसएचने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये जुन्या कमजोर पद्धती आपणहून वापरणं बंद केलं. बरोबरच केलं. फक्त माझं म्हातारं मशीन त्या जुन्याच पद्धती जाणतं. त्या एका पत्त्यापुरत्या जुनी किल्ली, जुनी ओळख आणि जुनं सांकेतिकरण अशा तीन परवानग्या फायलीत लिहिल्या, मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवलं, आणि लॉगिन आलं.

वाचकांना एक विनंती. पतसंस्थेच्या, आडतीच्या, जिनिंगच्या माळ्यावर त्या काळातल्या कार्ट्रिज टेपा पडल्या असतील. भंगारात देऊ नका. ड्राइव्हमध्ये घालून पाहण्याची घाईही करू नका. आतला पट्टा सैल झालेला असतो आणि ड्राइव्हचं रबर वितळून चिकट झालेलं असतं, पहिल्याच फेरीत टेप तुटते. टेप आणि तिचा ड्राइव्ह एकत्र ठेवा. संस्थेतले जुने कारकून अजून आहेत तोवर त्यांना विचारून डबीवर तीन गोष्टी लिहा : मशीन कोणतं होतं, टेप ‘टार’ या आज्ञेने भरली की ‘सीपीआयओ’ने, आणि नावं इंग्रजीत होती की जिस्टवर मराठीत.