स्वादुपिंडाचा कर्करोग आणि २०१३ चा अमेरिकी अधिनियम

अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या संशोधनाची दीर्घकाळ जी उपेक्षा झाली, तिचे कारण सामान्यतः रोगाच्या दुःसाध्यतेत शोधले जाते. आमच्या मते ते अपुरे आहे. या रोगासाठी सरकारदरबारी भांडणारे रोगीच फारसे उरत नसत, हे कारण अधिक महत्त्वाचे होय.

जठरामागे दडलेल्या या ग्रंथीतील गाठ बहुधा उशिरा कळते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद व्हिपल यांच्या १९३५ च्या निबंधाने प्रसिद्धीस आलेली शस्त्रक्रिया त्यामुळे थोड्यांनाच उपयोगी पडली. १९७१ साली, मुख्यतः मेरी लास्कर यांच्या खटपटीमुळे, राष्ट्रीय कर्करोग अधिनियम झाला व संशोधनाकडे पैशाचा ओघ वाढला. त्या दशकाच्या मध्यास या रोगाचे सुमारे ३ टक्के रुग्ण पाच वर्षे जगत. २०१२ पर्यंत हे प्रमाण जेमतेम ६ टक्क्यांवर आले.

स्तनांच्या कर्करोगाशी तुलना केली असता मुद्दा स्पष्ट होतो. त्यातून वाचलेल्या स्त्रियांनी १९९१ पासून संघटितपणे मागणी केली आणि १९९२ साली संरक्षणखात्याच्या अंदाजपत्रकातून २१ कोटी डॉलर मिळविले. त्याच खात्याने स्वादुपिंडासाठी स्वतंत्र योजना सुरू केली ती २०२० साली, ६० लाख डॉलरांची. त्या वर्षी अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाने सुमारे ४७ हजार, तर स्तनांच्या कर्करोगाने सुमारे ४२ हजार मृत्यू होतील असा अंदाज होता. (रुग्णसंख्या दुसऱ्या रोगाची कितीतरी अधिक, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.)

स्वादुपिंडाच्या बाबतीत हे काम आप्तांना करावे लागले. १९९९ साली कॅलिफोर्नियात ‘पॅनक्रिअ‍ॅटिक कॅन्सर अ‍ॅक्शन नेटवर्क’ ही संस्था निघाली. मार्च २००८ मध्ये या रोगाने ग्रस्त असलेले प्राध्यापक रँडी पॉश यांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. जुलैत ते निवर्तले. चळवळीला बोलका साक्षीदार मिळावा आणि तो चार महिन्यांत जावा, यातच तिची अडचण दिसते.

पुढे जे विधेयक मांडले गेले, त्याच्या मूळ नावात स्वादुपिंडाचा उल्लेख होता. जानेवारी २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामा यांची स्वाक्षरी झाली, तेव्हा ते ‘दुर्दम्य कर्करोग संशोधन अधिनियम’ झाले होते. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी आणि वार्षिक मृत्यू किमान ३० हजार, अशी व्याख्या त्यात घातली गेली. एकाच अवयवाला झुकते माप दिल्याचा आक्षेप यामुळे टळला. परंतु ठराविक रक्कम राखून ठेवण्याची तरतूदही त्यात नव्हती. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने संशोधनाचा आराखडा करावा, एवढेच बंधन आले.

तरीही तो आराखडा निष्फळ म्हणता येत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आराखड्यात, प्रौढ वयात नव्याने जडलेल्या मधुमेहाचा या रोगाशी असलेला संबंध हा संशोधनाचा अग्रक्रमाचा विषय ठरविण्यात आला. गाठ लवकर ओळखण्याची वाट त्या दिशेने शोधली जाऊ लागली.