घायपाताला फुलांचा दांडा आल्यास काय करावे?

परसबागेतील किंवा धुऱ्यावरील घायपाताच्या (केकताड) मधोमध जाड दांडा निघतो, दिवसाला काही इंच वाढतो आणि खालची पाने सुकू लागतात. रोग समजून फवारणी केली जाते. मात्र हा रोग नाही. हे झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि नंतर मरते. त्यामुळे औषध-खतावर खर्च न करता पुढची रोपे व वाख वेळेत मिळवावा.

असे का होते?
शेंड्याचा कोंबच फुलदांड्यात बदलतो, म्हणून नवीन पान येत नाही. पानांत वर्षानुवर्षे साठलेले अन्न दांड्याला जाते. दांडा कापला तरी झाड फार तर थोडे दिवस जास्त टिकते.

कोणत्या जातीला केव्हा?
• सिसल (अरुंद, ताठ, हिरवी पाने) : साधारण ७ ते १२ वर्षांनी, दांडा ५-६ मीटर.
• अमेरिकन घायपात (रुंद, निळसर करडी पाने, शोभेच्या प्रकारात पिवळ्या कडा) : साधारण १० ते ३० वर्षांनी, दांडा ८ मीटरपर्यंत.
शंभर वर्षांनी फुलते, हा केवळ समज आहे.

काय करावे?
१. वाख हवा असल्यास दांडा दिसताच पक्व पाने कापावीत. सिसलच्या ओल्या पानांतून वजनाच्या सुमारे ४ टक्के वाख मिळतो.
२. रोपे हवी असल्यास एक-दोन जोमदार झाडांची पाने राखावीत. फुले गळल्यावर सिसलच्या दांड्यावर शेकडो छोटी रोपे (कंदिका) येतात. ती गोळा करून वाफ्यात सुमारे वर्षभर वाढवावीत.
३. बुंध्याभोवतीचे फुटवे मुळांसह काढून लगेच लावता येतात. कुंपणात पडणारी फट यांनीच भरावी.
४. घर, रस्ता किंवा वीजतारेजवळचा दांडा उंच होण्याआधीच कापावा. तारेपर्यंत पोहोचला असल्यास स्वतः हात न लावता वीज कर्मचाऱ्यांना कळवावे.

आसगाव परिसरासाठी
पवनी तालुक्यातील आसगाव हे भंडारा जिल्ह्याच्या भातपट्ट्यात येते. घायपाताला पाणी साचलेले चालत नाही; मुळे कुजतात. म्हणून नवीन रोपे बांधीलगतच्या ओल्या जागी न लावता उंच, मुरमाड, निचऱ्याच्या जागी पावसाळ्याच्या सुरुवातीस लावावीत.

काळजी
पानांच्या रसाने अंगाला खाज व आग होते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व चष्मा वापरावा. अंगणातील झाडांच्या पानांचे टोकदार काटे छाटावेत. लहान मुले व जनावरे दूर ठेवावीत.

दरवर्षी थोडे फुटवे लावत गेल्यास सर्व झाडे एकाच वेळी फुलून कुंपण उघडे पडत नाही.