उभी बाटली, आडवी बाटली: खानदेशातल्या दारूची दीडशे वर्षं

आजचा विषय असा आहे की हेडफोन लावूनच ऐकला असेल तर बरं. शेजारी आई बसली असेल तर तिलाही ऐकवा, कारण शेवटी गोष्ट तिच्याकडेच येणार आहे.

२७ जानेवारी २०२२ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात ठेवून वाईन विकता येईल. म्हणजे तूरडाळ, शाम्पू आणि दोन रांगा पलीकडे द्राक्षाची वाईन. शाळा आणि देवळांजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही, अशा अटीही होत्या. सरकारचं म्हणणं, द्राक्ष शेतकऱ्याला फायदा होईल. विरोधकांचं म्हणणं, दारू किराण्यात आली की घरात आली. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारनं लोकांच्या हरकती मागवल्या, जूनमध्ये सरकारच बदललं आणि निर्णय अमलात आलाच नाही.

त्या वेळी आपल्या ग्रुपांवर दोनच बाजू होत्या: "काय भो, जग कुठं चाललंय" आणि "संस्कृती बुडाली". पण जळगाव-धुळ्याचा इतिहास उघडला की कळतं, वाद नुसता पिण्याचा कधीच नव्हता. दारू कोणी गाळायची, कोणी विकायची आणि दुकान उघडताना कोणाला विचारायचं, असा तो वाद होता.

सुरुवात मोहापासून करू. सातपुड्याच्या पायथ्याशी मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळून पडतात. बायका-पोरं ती वेचतात, वाळवतात, साठवतात. फुलात साखर भरपूर, म्हणून धान्य संपल्यावर तेच पोटाला. तीच फुलं पाण्यात आंबवली आणि भट्टीवर गाळली की दारू. द्राक्षाचं आणि मोहाचं रसायन सुरुवातीला एकच आहे: यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. वाईन तिथंच थांबते, मोहाची दारू पुढं ऊर्ध्वपातनातून जाते. भिल्लांच्या घरात लग्न असो, देवाची पूजा असो की पंचाईत, तिची धार लागायचीच.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढं १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला. त्याचा गाभा सोपा होता: गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद, दारू मोठ्या मध्यवर्ती डिस्टिलरीत बनणार, विक्रीचा मक्ता ठेकेदाराला, कर सरकारला. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आधी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. ज्या झाडाखाली पोर वाढलं त्याचं फूल घरात ठेवणं गुन्हा! पिणं मात्र चालू राहिलं, बरं का. फक्त घरची दारू बेकायदा झाली आणि ठेकेदाराची विकत, बहुतेकदा उधारीवर, घ्यावी लागली. उधारीत दागिना जायचा, मग जमीन.

याला उत्तर कुठून आलं? वरून नाही, खालूनच आलं. १९२२-२३ मध्ये पालघरकडून देवी चळवळीची लाट उठली आणि दक्षिण गुजरातेतल्या आदिवासी गावांत पसरली. अंगात देवी येऊन सांगायची: दारू सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्याच्या दुकानी जाऊ नका. मग १९३७-३८ मध्ये तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तळोद्याजवळच्या मोरवडला, गुलाम महाराज उभे राहिले. त्यांची शिकवण दारू सोडण्याची, आणि एकमेकांना 'आप' म्हणण्याची. ज्यांना सगळे 'अरे-तुरे' करत, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं! आरतीला हजारो लोक जमायला लागले. १९३८ मध्ये ते वारले, भाऊ रामदास महाराजांनी काम पुढं नेलं, तर त्यांना हद्दपार करण्यात आलं. दारू सोडा म्हणणाऱ्या माणसाची भीती कोणाला वाटली असेल, विचार करा. दारू सुटली की उधारी सुटते, आणि उधारी सुटली की माणूस ताठ उभा राहतो.

त्याच काळात, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. दारूबंदी हा काँग्रेसचा जुना कार्यक्रम होता. १९३७ ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. खरी गंमत इथं आहे: हा कायदा आजही जिवंत आहे. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात नियम सैल झाले, पण कायदा रद्द झाला नाही, वरून परवान्यांचे पॅच लागत गेले. आपल्या भाषेत लेगसी कोड! म्हणून कागदोपत्री आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. बिअर-वाईनसाठी वय २१, कडक दारूसाठी २५.

आता १९७२ मध्ये या. शहादा, तेव्हा धुळे जिल्ह्यात. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्यासोबत श्रमिक संघटना उभी राहिली, मागणी गेलेल्या जमिनींची आणि मजुरीची. पण सभांना आलेल्या बायकांनी दुसराच मुद्दा पुढं केला: मजुरी वाढली तरी ती अड्ड्यावरच जाणार असेल तर आम्हाला काय? मग त्या गावोगाव फिरल्या, दारूची मडकी फोडली, पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. कुठल्याही मंत्र्याच्या आदेशाशिवाय.

दुसऱ्या बाजूला द्राक्षाची कथा वेगळ्याच रस्त्यानं गेली. ऐंशीच्या दशकात नारायणगावला वाईन बनू लागली. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, अबकारी करात दहा वर्षं सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क केले. नाशिक त्यातूनच उभं राहिलं. हे वाईट झालं असं मी म्हणत नाही, शेतकऱ्याला पैसा मिळालाच पाहिजे. पण तराजू बघा. द्राक्षाला सवलत, आणि मोहाच्या फुलावरचे निर्बंध उठायला २०२१ उजाडलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये मोह आणि काजू बोंडांच्या स्थानिक मद्याला बढती मिळाली, आणि नवा दर्जा कोणता? 'विदेशी मद्य'! सातपुड्यात गळालेलं फूल, कागदावर परदेशी.

मग 'आमच्या बाजारात नवी बाटली यावी का', याचं उत्तर कोण देणार? शहाद्याच्या बायकांनी मडकी फोडून दिलं होतं. आज त्याचा कायदेशीर मार्ग आहे. वॉर्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. दुकान राहू दे तर उभी बाटली, बंद करा तर आडवी. पण अट नीट ऐका: एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. झालेल्या मतांपैकी नाही, यादीतल्या एकूणांपैकी. म्हणजे जी घरी राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जातं.

सुपरमार्केटच्या फळीचा प्रस्ताव उद्या पुन्हा येऊ शकतो. आला तर 'वाईन म्हणजे दारू का' यावर भांडू नका. मला विचाराल तर प्रश्न एकच: त्या फळीलाही आडव्या बाटलीचा नियम लागू असेल का? पिणाऱ्याला निवड हवी, मान्य. पण ज्या घरात बाटली येते तिथल्या बाईलाही निवड हवी. तोपर्यंत एक काम करा, आई-बहिणीचं नाव मतदार यादीत आहे का ते आज फोनवरच तपासा. पाच मिनिटं लागतील.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!