कल्हई

जळगावच्या एमआयडीसीत ‘क्लॅडिंग’ हा शब्द हल्ली सारखा कानावर पडतो. साध्या पोलादावर न गंजणाऱ्या धातूचा थर चढवायचा, एवढाच त्याचा अर्थ. दीपनगरसारख्या औष्णिक वीजकेंद्रात राखेच्या माऱ्याने बॉयलरच्या नळ्या झिजतात. असे थर अशाच जागी लागतात.

असा थर चढवण्याला आपला जुना शब्द कल्हई. अरबीत ‘कलई’ म्हणजे कथील. ते मलाया द्वीपकल्पातल्या कलाह बंदरातून येई, म्हणून हे नाव, असं बरेच अभ्यासक मानतात. फारसी-हिंदीच्या वाटेने मराठीत येताना शब्दाला ‘ह’ चिकटला आणि धातूचं नाव कामाला मिळालं. धातूला आपण कथीलच म्हणत राहिलो.

कल्हई करताना तापल्या पितळी भांड्यात नवसागराची पूड पडली की पांढरा धूर उठतो. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने थर फिरवायचा. कथील २३२ अंशांवरच वितळतं, त्यामुळे भट्टीही छोटीच पुरते. थर नसला तर ताक कळकतं. हिंदीवाल्यांची कलई खुलते, आपलं पितळ उघडं पडतं; भानगड एकच.

घरोघरी स्टील आलं आणि शब्द मागे पडला. धुळे-जळगावात आता कल्हई म्हणजे पंगतीची जुनी पातेली. कारखान्यात मात्र ‘ओव्हरले’ आणि ‘लायनिंग’.