स्वतःचा तांब्या आणि परकी बाटली

फुटबॉलच्या क्रीडांगणाच्या दारावर प्रेक्षकाच्या हातातील पाण्याची बाटली काढून घेतली जाते, निदान तिचे झाकण तरी काढून घेतले जाते, हा नियम आता देशोदेशी रूढ झाला आहे. त्यावर प्रेक्षकवर्ग रुष्ट होतो, दारावरच्या रखवालदाराशी हुज्जत घालतो, आणि व्यवस्थापक मात्र आपल्या नियमापासून तसूभरही ढळत नाहीत. देवळे, उत्सव आणि संप्रदाय यांची चर्चा ज्या पानांतून चालते तेथे हा विषय कोठून आला, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोठा समुदाय एके ठिकाणी जमला असता त्याने पाणी कोणत्या भांड्यातून प्यावे, ते भांडे कोणाचे असावे आणि ते बरोबर नेण्याचा अधिकार कोणास असावा, हा प्रश्न आमच्या जत्रांपुढे फुटबॉलच्या जन्मापूर्वीच येऊन उभा राहिला होता. त्याचे उत्तर आमच्या पूर्वजांनी दिले. काही अंशी ते फार चांगले होते, आणि काही अंशी लाजिरवाणे होते.

बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबादेच्या छायेत होते. आळंद, भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूच्या मराठी घरांतील माणसे कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी हैदराबादेस जात. आणि हैदराबाद हे त्या काळी हिंदुस्थानी फुटबॉलचे एक प्रमुख पीठ होते. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. याच रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघ १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळवून परतला. हैदराबादेहून मुंबईस जाणारा लोहमार्ग वाडी जंक्शनवरून गुलबर्ग्यास येतो व पुढे सोलापूरकडे वळतो. खेळाडू असो, वकील असो वा गाणगापूरचा यात्रेकरू असो, या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकास तहान लागे ती याच रुक्ष, काळ्या मातीच्या प्रदेशात.

आणि त्या काळच्या आगगाडीच्या स्थानकावर तहान भागविणे ही साधी गोष्ट नव्हती. ब्रिटिश अमदानीत ठिकठिकाणच्या फलाटांवर हिंदूंचे पाणी निराळे आणि मुसलमानांचे पाणी निराळे असे. पाणी वाढणारा निराळा, माठ निराळा, हाकही निराळी. म्हणून सोवळ्याओवळ्याचा विचार करणारे कुटुंब प्रवासास निघाले की फिरकीचा तांब्या बरोबर असावयाचाच. पितळेचा, आतून कल्हई केलेला, वर आट्यांचे झाकण असलेला. त्याच्या पोटावर किंवा काठाखाली घरच्या कर्त्या पुरुषाचे, क्वचित सासूचे वा आजीचे नाव ठोक्या ठोक्यांनी कोरलेले असे. कोकणीभाषक वाचकांच्या घरांतील जुन्या कळसोवरही अशी अक्षरे आढळतील. ही नावे घालण्याची चाल आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. भोजनावळीत भांडी मिसळू नयेत हा तिचा व्यावहारिक हेतू खरा. पण तिचा दुसराही एक परिणाम होता, त्याकडे पुढे वळू.

बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. बहमनी राजवटीत, पंधराव्या शतकात, येथे इराणी पद्धतीचा भूमिगत जलमार्ग, म्हणजे कारेज, खोदण्यात आला. नौबाद येथे त्याची विवरे आजही दिसतात. नरसिंह झरणीच्या गुहेत तर भाविकास छातीइतक्या पाण्यातून चालत देवापर्यंत जावे लागते. पाण्याविषयी इतकी आस्था बाळगणाऱ्या या मुलखाने समुदायाच्या पाण्याची सोय केली नसती तरच नवल. श्रीनृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेले गाणगापूर भीमा-अमरजेच्या संगमावर वसले आहे. कन्नड मुलखातील या क्षेत्राचा महिमा ज्या गुरुचरित्राने गायिला तो ग्रंथ मराठी. आणि पूर्वजन्मीच्या रजकास पुढील जन्मी बिदरच्या यवन राजाचे पद लाभल्याची कथा त्याच ग्रंथात येते. तेथे दोन प्रहरी माधुकरीची प्रथा आहे. मागणाराच्या हातात स्वतःची झोळी किंवा पात्र, आणि वाढणारे घर गावातले. भांडे पाहुण्याचे आणि अन्नपाणी यजमानाचे, अशी ही वाटणी होती. उन्हाळ्यात वाटेवर रांजण पुरून पाणपोई घालणाऱ्याने पाहुण्याच्या हातातील तांब्या हिसकावून घेतल्याचे कोणी ऐकले नसेल. उलट तो भरून देण्यातच त्याचे पुण्य होते.

येथवर वर्णन करून थांबणे सोपे होते, आणि आमच्यातील बरेचसे लेखक येथेच थांबतात. परंतु ज्याच्या हातात तांब्या असून उपयोग नव्हता अशीही माणसे त्याच वाटेने चालत होती. पाणपोईवरील माणूस त्यांना ओंजळ धरावयास सांगे आणि वरून, अंतर राखून, धार धरी. कित्येक ठिकाणी तेवढेही होत नसे. १९०१ साली वडिलांना भेटावयास निघालेले बालवयातील भीमराव आंबेडकर सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरून भावंडांसह बैलगाडीने निघाले. बरोबर शिदोरी भरपूर होती. पण महारांच्या मुलांना पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून अन्न घशाखाली उतरेना, म्हणून ती मुले रात्रभर उपाशी राहिली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. पुढे १९५५ चा अस्पृश्यता अपराधांविषयीचा कायदा झाला, त्यात विहीर, तळे, नळ यांच्याबरोबर उपाहारगृहांत व धर्मशाळांत सर्वांसाठी ठेवलेल्या भांड्यांचाही स्पष्ट उल्लेख करावा लागला. भांड्यासाठी कायदा करावा लागतो, याचा अर्थ भांड्यावरून किती अन्याय झाला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. पाणपोईची थोरवी सांगताना हे पान फाडून टाकण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आता बाटलीकडे येऊ. हायरम कॉड नामक इंग्रज गृहस्थाने १८७० नंतरच्या दोनतीन वर्षांत एक चमत्कारिक बाटली शोधून काढली. तिच्या गळ्यात काचेची गोटी असे. आतल्या वायूच्या दाबाने ती गोटी वरच्या रबराच्या कड्यास घट्ट बसे आणि बूच नसतानाही बाटली बंद राही. हीच आमची गोटी सोड्याची बाटली. इंग्लंडातून ती केव्हाच नाहीशी झाली, पण आमच्या बाजारपेठांतून ती टिकून राहिली. अंगठ्याने गोटी आत दाबताच होणारा तो आवाज ज्यांनी बाजाराच्या दिवशी ऐकला असेल त्यांना तो निराळा सांगावयास नको. या बाटलीने पाण्याच्या भांड्याच्या इतिहासात एक मोठाच फरक केला, तो असा की, पिणाराच्या हातातील भांडे प्रथमच त्याचे स्वतःचे राहिले नाही. सोडा पिणाराचा, बाटली दुकानदाराची. आत जे होते ते संपताच बाटलीशी असलेला संबंधही संपला. दंग्याधोप्यात सोड्याच्या बाटल्यांचा वर्षाव होऊ लागला, याचे एक कारण आम्हांस यात दिसते. जाड काच आणि आतला दाब ही कारणे तर आहेतच. ज्याच्यावर आजीचे नाव आहे तो तांब्या कोणी पंचावर फेकीत नाही! फेकला तर संध्याकाळी घरी काय सांगावयाचे?

मैदानावरील बाटल्यांचा आमच्याकडील इतिहास बहुतांशी क्रिकेटचा आहे, पण चेंडू बदलला म्हणून समुदायाचा स्वभाव बदलत नाही. १९६९ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न क्रीडांगणावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी सामन्यात वेंकटराघवन यांस बाद ठरविल्यावरून प्रेक्षक खवळले. बाटल्या आणि खुर्च्या फेकल्या गेल्या, आगी लागल्या. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डनवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना बाटल्यांच्या माऱ्यामुळे पुरा होऊ शकला नाही आणि तो श्रीलंकेस बहाल करण्यात आला. काचेची जागा तोवर प्लॅस्टिकने घेतली होती. पण पाणी भरलेली, झाकण लावलेली प्लॅस्टिकची बाटलीही दगडाप्रमाणेच दूर जाते. १३ डिसेंबर २०२५ रोजी त्याच शहरात, सॉल्ट लेकच्या फुटबॉल क्रीडांगणावर, मेस्सीचे धड दर्शनही न घडल्यामुळे चिडलेल्या प्रेक्षकांनी पुन्हा बाटल्या आणि खुर्च्या मैदानात भिरकावल्या.

याविषयीचे कायदे प्रथम झाले ते बिलायतेत. १० मे १९८० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यातील स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना संपताच दोन्ही पक्षांचे लोक मैदानात उतरून एकमेकांवर तुटून पडले. घोडेस्वार पोलीस आणावे लागले. त्याच वर्षीच्या फौजदारी कायद्याने स्कॉटलंडमधील सामन्यांस मद्य व अशी पात्रे नेण्यास बंदी केली. १९८५ साली इंग्लंडनेही तशाच प्रकारचा कायदा केला. या इंग्रजी कायद्यातील व्याख्या मुळातून पाहण्याजोगी आहे. लागल्यास इजा होईल अशी पेयाची बाटली, डबा किंवा तत्सम पात्र तेथे निषिद्ध आहे खरे. परंतु जे रिकामे झाल्यावर सामान्यतः टाकून दिले जाते किंवा विक्रेत्यास परत केले जाते तेवढेच पात्र. औषधाची बाटली वगळली आहे. म्हणजे जे भांडे माणूस घरी परत नेतो ते या व्याख्येत बसतच नाही. आमच्या फिरकीच्या तांब्यास इंग्लंडच्या संसदेने, त्याचे नावही न ऐकता, मोकळीक दिली असे म्हटल्यास ती अगदीच थट्टा ठरणार नाही. भांड्याचा धोका त्याच्या वजनात नसून त्याच्या बेवारशीपणात आहे, हे त्या व्याख्या लिहिणाऱ्या कायदेपंडितास उमगले होते, असा आमचा तर्क आहे.

दुर्दैवाने दारावर उभ्या असलेल्या रखवालदारास इतका सूक्ष्म भेद करण्यास सवड नसते. तो सारेच काढून घेतो. मग प्रेक्षकही युक्त्या लढवितात. झाकणे काढून घेतात हे ठाऊक असलेले कित्येकजण खिशात एक जादा झाकण बाळगून येतात. यात खोडसाळपणा असतो तसा एक साधा हट्टही असतो, की माझ्या पाण्यावर माझा हक्क आहे. आणि हा हट्ट केव्हा रास्त ठरतो, ते आपल्याच देशात दिसून आले. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकास दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर प्रारंभ झाला. शाळाशाळांतून हजारो मुले सामना पाहावयास आणली होती. बाहेरून पाणी आणण्यास मनाई. आणि आत पाणी पुरेना. मुले तहानेने कासावीस झाली, आणि संयोजकांस नंतर क्षमा मागावी लागली. गोमंतकीय वाचकांस हे विशेष जवळचे वाटावे, कारण त्याच स्पर्धेतील काही सामने मडगावच्या फातोर्डा क्रीडांगणावर झाले होते.

प्रेक्षकांचा राग बाटली गेल्याचा नसतो. बाटली घेणाऱ्याने तिच्या बदल्यात पाणी दिले नाही, याचा तो असतो. जो पाहुण्याचे भांडे दाराशी ठेवून घेतो त्याने पाहुण्याच्या तहानेची जबाबदारीही ठेवून घेतली पाहिजे. ती घ्यावयाची नसेल तर भांड्यास हात लावू नये. हे गणित पाणपोईवाल्यास कळत होते, कारण त्याला पाणी विकावयाचे नव्हते. तिकिटाचे पैसे घेऊन, पाणी काढून घेऊन, तेच आत चढ्या दराने विकणे यास सुरक्षितता म्हणणे आम्हांस जड जाते. मात्र मैदानातील खेळाडूच्या डोक्यावर बाटली आदळू नये, हेही तितकेच खरे. प्रेक्षकांची बाजू घेताना त्या डोक्याचा विसर पडून चालणार नाही.

हा प्रश्न आता आमच्या देवळांच्या दाराशीही येऊन ठेपला आहे. मार्च २०१६ मध्ये कर्नाटक सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्या, पेले, ताटल्या इत्यादींवर बंदी घातली. जत्रेत पाणी वाटणाऱ्या मंडळींस पेले कशाचे आणावयाचे, हा विचार तेव्हापासून करावा लागतो. पौर्णिमेच्या गर्दीत संगमाच्या वाटेवर पडलेल्या बाटल्यांकडे पाहिले की विश्वस्तांस मनाईचा मोह होणारच, आणि तो गैर नाही. परंतु मनाईची पाटी लावण्यापूर्वी रांजण भरला आहे काय, आणि त्यावरचे भांडे खरोखर सर्वांसाठी आहे काय, हे दोन प्रश्न विश्वस्तांस विचारण्याचा भाविकास अधिकार आहे. दुसरा प्रश्न १९५५ च्या कायद्याने मिटला असे समजणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातील दोनचार गावांच्या चहाच्या दुकानांत जाऊन पेले मोजावेत.

बिदरमध्येच, किल्ल्यापासून फार दूर नाही, नानक झिरा आहे. गुरू नानकांनी खडकातून गोडे पाणी काढले अशी तेथील श्रद्धा. गुरुद्वारांच्या रिवाजाप्रमाणे तेथे येणाऱ्याच्या हातात धातूचे भांडे दिले जाते, त्याची जात विचारली जात नाही, आणि पाणी पिऊन झाल्यावर ते भांडे परत घेतले जाते. सेवेकरी ते घासतात, विसळतात, आणि पुढच्या माणसासाठी पुन्हा भरतात.